'हात लावू नये' ही पाटी काढून ठेवू या

स्मरणिकेत संस्थेच्या वाटचालीचा आढावा असतो, दात्यांचे ऋण मान्य केलेले असते आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणी असतात. त्यांचे स्थान मोठेच आहे. आम्ही काही माजी विद्यार्थी मात्र ही पाने एका चालू प्रश्नासाठी मागून घेत आहोत. माजी विद्यार्थ्यांच्या गेल्या बैठकीत अशी सूचना आली की, सर्वांनी वर्गणी काढून शाळेला एक सुसज्ज रोबोटिक्स प्रयोगशाळा भेट द्यावी. एका पुरवठादाराने दिलेला चार लाखांहून अधिक रकमेचा अंदाजही त्या वेळी वाचून दाखविण्यात आला. सूचनेमागील तळमळीविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु गेले वर्षभर दर रविवारी आम्ही आठवी-नववीच्या मुलामुलींबरोबर बसून एक लहानसा, स्वस्त रोबो तयार करीत आहोत आणि त्या अनुभवातून आमचे मत निराळे झाले आहे. ते थोडक्यात असे की, शाळेला महागडी प्रयोगशाळा देण्यापेक्षा मुलांच्या हातून मोडले तरी चालेल इतके स्वस्त साहित्य द्यावे आणि ते मोडण्याची मुभाही त्यासोबत द्यावी.

प्रथम हा रोबो म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण 'रोबो' म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे चित्रपटातील यंत्रमानव उभा राहतो. आमचा रोबो जेवणाच्या डब्याएवढा आहे. प्लायवूडच्या तुकड्याला दोन लहान मोटरी, दोन चाके आणि पुढे एक फिरती गोळी बसविलेली आहे. समोर दोन डोळ्यांसारखा दिसणारा ध्वनिसंवेदक आहे. वरच्या बाजूस रास्पबेरी पाय झीरो 2 डब्ल्यू नावाचा, 65 मिलिमीटर लांब व 30 मिलिमीटर रुंद असा, एकाच सर्किट बोर्डावर सामावलेला संपूर्ण संगणक आहे. रोबो सरळ चालतो. समोर वीस सेंटिमीटरच्या आत भिंत, बाक किंवा कुणाचा पाय आला की थांबतो, वळतो आणि पुन्हा चालू लागतो. त्याचे कर्तृत्व एवढेच. आम्ही खरेदी केली त्या वेळच्या भावाने बोर्डाला सुमारे अठराशे रुपये, मेमरी कार्डाला चारशे, चाकांसह मोटरींना अडीचशे, मोटर ड्रायव्हरला दीडशे, संवेदकाला शंभर, तारा, रेझिस्टर व ब्रेडबोर्ड यांना अडीचशे आणि पेन्सिल सेल व त्यांच्या खोक्याला अडीचशे, असे एकंदर बत्तीसशे रुपये लागले. बोर्डाला वीज देणारी पॉवर बँक आमच्यातल्याच एकाच्या घरी पडून होती. सभागृहातील टीव्ही व एक जुना कीबोर्ड जोडला की तोच बोर्ड मुलांना लिहिण्या-वाचण्याचा संगणक होतो आणि मुले त्याच्यावरच पायथन भाषेत प्रोग्रॅम लिहितात.

हा बोर्ड स्वस्त आहे तो योगायोगाने नव्हे. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात एबेन अप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या असे लक्षात आले होते की, संगणकशास्त्राच्या प्रवेशासाठी येणाऱ्या मुलांची संख्या घटत आहे आणि येणाऱ्यांनाही प्रोग्रॅमिंगचा पूर्वानुभव पूर्वीइतका नाही. 1980 च्या दशकात तिथल्या मुलांपुढे बीबीसी मायक्रोसारखे संगणक होते. बटण दाबताच ते आज्ञेची वाट पाहत उभे राहत. पुढे घरोघर चांगले संगणक आले, पण ते वापरण्यापुरते आले. उघडून पाहण्याची मुभा त्यांच्यासोबत आली नाही. त्यावर उपाय म्हणून मुलाच्या स्वतःच्या मालकीचा होऊ शकेल असा संगणक करावा, या विचारातून 29 फेब्रुवारी 2012 रोजी पहिला रास्पबेरी पाय 35 डॉलर किमतीला बाजारात आला. त्याची किंमत हाच त्याच्यामागील शैक्षणिक विचार होता, असे आम्हांला वाटते. वस्तू बिघडण्याची धास्ती असेल, तर मूल ती शिकत नाही. ती केवळ जपते.

आमच्या रविवारांचा प्रारंभ सोल्डरिंगने झाला. या बोर्डाला चाळीस पिना स्वतः बसवाव्या लागतात आणि दोन पिनांमधील अंतर अडीच मिलिमीटरहून थोडेसेच अधिक असते. आधी मुलांनी टाकाऊ रेडिओच्या सर्किटवर हात बसविला. एका भेटीच्या रविवारी एका मुलीचे वडील, जे गावोगावच्या पंपांच्या मोटरींचे वायंडिंग करतात, काही वेळ मागे उभे राहून पाहत होते. शेवटी त्यांना राहवले नाही. तारेवरचे आवरण आतील एकही बारीक तंतू न तुटता कसे सोलावे, हे त्यांनी खाली बसून मुलांना दाखविले. "हे आम्हांला कुणी शाळेत शिकवलं नाही, पण शाळेत शिकवायला हरकत नाही," असे म्हणून ते हसले. आपल्या बापाचे हात वर्गात शिकवीत आहेत, हे त्या मुलीने पाहिले. आमच्या दृष्टीने त्या दिवसाचे काम तिथेच पूर्ण झाले.

संवेदकाचे तत्त्व नववीच्या मुलांना पुस्तकातून ठाऊक होते. तो माणसाला ऐकू न येणारा ध्वनी सोडतो आणि प्रतिध्वनीची वाट पाहतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर असतो. अडथळा वीस सेंटिमीटरवर असेल, तर ध्वनीला जाऊन-येऊन चाळीस सेंटिमीटर अंतर कापावे लागते आणि त्याला सेकंदाच्या हजाराव्या भागाहून किंचित जास्त वेळ लागतो. मुलांनी पहिल्या खेपेस दोनने भागायचेच सोडून दिले, त्यामुळे रोबोला प्रत्येक भिंत दुप्पट दूर वाटे आणि तो तिच्यावर जाऊन आदळे. परीक्षेत या चुकीचा एक गुण गेला असता आणि मूल ती विसरले असते. इथे रोबोने भिंतीवर डोके आपटून चूक दाखवून दिली. मुलांनी ती स्वतः शोधली, स्वतः सुधारली.

विजेच्या दाबाचेही तसेच. संवेदक पाच व्होल्टचा संदेश परत पाठवितो. बोर्डाच्या पिना 3.3 व्होल्टहून अधिक दाब सोसू शकत नाहीत. यासाठी एक व दोन किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडून दोन किलोओहमच्या टोकांमधील दाब घ्यावा लागतो; पाचाचे दोन-तृतीयांश म्हणजे 3.33. गुणोत्तर-प्रमाणाचे हे उदाहरण सातवीतही सुटते. पण गुणोत्तर चुकले तर अठराशे रुपयांची वस्तू जळेल, या जाणिवेने सोडविलेले गुणोत्तर निराळे असते.

सर्वांत मोठी अडचण मात्र रोबो पूर्ण झाल्यावर आली. प्रोग्रॅम सुरू केला की चाके क्षणभर हलत आणि संगणक बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. कुणी म्हणाले प्रोग्रॅम चुकला, कुणी म्हणाले कार्ड खराब. आमच्यापैकी एकाला कारण ठाऊक होते, पण ते सांगायचे नाही असे आम्ही ठरविले. तीन रविवार गेले. अखेरीस आठवीच्या एका मुलीने पाहिले की, रोबो हातात उचलून धरला तर चाके सुरळीत फिरतात; जमिनीवर ठेवला की संगणक बंद पडतो. म्हणजे दोष प्रोग्रॅममध्ये नाही. मोटरींवर भार आला की काहीतरी होते. तिथून पुढचा मार्ग मुलांनीच काढला. भाराखाली सुरू होताना मोटरी एकदम पुष्कळ वीज ओढतात, दाब खाली येतो आणि त्याच विजेवर चालणारा संगणक दम सोडतो. मग मोटरींना स्वतंत्र सेल दिले. तर चाके हलेचनात! दोन्ही वीजमंडळांची ऋण बाजू एकमेकांना जोडलेली नव्हती, त्यामुळे संगणकाचा संदेश मोटर ड्रायव्हरला कळत नव्हता. एक काळी तार जोडली आणि रोबो चालू लागला.

आपल्या शाळेत रोज सायंकाळी वंदना होते. तीत आपण धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतो, म्हणजे 'या आणि पाहा' असे बोलावणारा. केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी दिलेला उपदेशही आपण मुलांना शिकवितो: परंपरेने आले म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. कारण असेल तर कार्य होते, कारण दूर केले की कार्य थांबते, हेही आपण सांगतो. पण पारखून घ्यायला मुलाच्या हाती आपण काय देतो? त्या तीन रविवारांत मुलांनी आमचे काहीही प्रमाण मानले नाही. एकेक कारण घेतले, तपासले, खोटे ठरले की सोडून दिले. धम्मशिक्षण आणि विज्ञानशिक्षण यांची वेळापत्रके वेगळी असली, तरी ते दोन्ही तास त्या दिवशी एकाच टेबलावर भरले होते.

आता आमच्या स्वतःच्या चुकीविषयी. पावसाळ्याच्या सुमारास नववीच्या एका मुलाच्या हातून एक बोर्ड जळला. या बोर्डावर पहिली पिन 3.3 व्होल्टची आणि तिच्या शेजारचीच दुसरी पाच व्होल्टची असते. एक तार निसटून दोन्हींना एकदम लागली आणि बोर्ड कायमचा गेला. मुलाला कुणी रागावले नाही. तरीही पुढचे दोन रविवार तो आला नाही. नंतर कळले की, त्याने अधीक्षकांना बोर्डाची किंमत विचारली होती आणि आईच्या शेतमजुरीने भागून पाहिले होते. उत्तर सहा दिवस आले होते.

आणि आम्ही काय केले? साहित्याच्या पेटीला कुलूप घातले आणि झाकणावर कागद चिकटविला: 'परवानगीशिवाय हात लावू नये.' पुढच्या रविवारी मुले हात मागे बांधून उभी राहिली आणि आम्ही तारा जोडू लागलो. तेव्हा तीच आठवीची मुलगी म्हणाली, "दादा, मग आता रोबो तुम्हीच बनवणार का?"

या प्रश्नाने आम्ही ओशाळलो. 'हात लावू नये' हे तीन शब्द आपल्या समाजाला नवे नाहीत. शाळेतील पाण्याच्या नळाला हात लावता न आलेल्या एका मुलाची गोष्ट आपल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. पण यंत्रालाही विटाळ होत असे, हे आपल्या मुलांना फारसे ठाऊक नसते. मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य कामगार हजारोंनी होते, परंतु विणाई खात्यात, जिथे मजुरी अधिक होती, तिथे त्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातील कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. आणि अस्पृश्याच्या ओठांना लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला लावीना. 1928 च्या गिरणी संपात विणाई खाते अस्पृश्य कामगारांना खुले झाले पाहिजे, ही मागणी बाबासाहेबांनी संपाच्या नेत्यांपुढे आग्रहाने मांडली. विज्ञान व तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण दलितांच्या आवाक्याबाहेर आहे आणि त्यासाठी सरकारने साहाय्य दिले पाहिजे, असे त्यांनी 1942 मध्ये व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनातही म्हटले होते. यंत्राजवळ जाण्याचा अधिकार हा त्यांच्या दृष्टीने मजुरीचा प्रश्न होता, तसाच माणूसपणाचाही होता.

आज आपल्या मुलांना यंत्रापासून दूर ठेवणारा धोटा नाही. तिथे आता किंमत उभी आहे. वस्तू महाग, म्हणून कुलूप. कुलूप, म्हणून किल्ली एकाकडे. किल्लीवाला रजेवर, म्हणून वर्ग बंद. हेतू चांगला असूनही ही साखळी तयार होते, हे आम्ही स्वतःच्या हातांनी करून पाहिले आहे. चार लाखांची प्रयोगशाळा आली तर कुलूपही त्याच मापाचे येईल, अशी आम्हांला भीती वाटते.

आमच्या मताविरुद्ध जे आक्षेप घेतले जातात, त्यांचाही विचार केला पाहिजे. पालक म्हणतात, दहावीचे गुण महत्त्वाचे. खेळणी करून काय मिळणार? गुणांचे महत्त्व आम्ही नाकारीत नाही. त्याच गुणांवर आम्ही इथवर आलो. म्हणून हे काम रविवारी दोन तासच असावे आणि दहावीच्या मुलांनी दिवाळीनंतर त्यात येऊ नये, असे आमचे मत आहे. काही माजी विद्यार्थी म्हणतात, आधी मुलींच्या वसतिगृहात गरम पाण्याची सोय करा. हे आम्हांला पूर्ण मान्य आहे. चार लाखांतून दोन्ही होऊ शकते, हाच तर आमचा मुद्दा आहे. कुणी म्हणतात, याहून स्वस्त मायक्रोकंट्रोलरवर रोबो होतो. होतो, आणि पहिल्या वर्षी तो घ्यायलाही हरकत नाही. परंतु त्याच्यासाठी प्रोग्रॅम लिहायला दुसरा संगणक लागतो आणि ज्या मुलांच्या घरी संगणक नाही, त्यांना हा एकच बोर्ड दोन्ही कामे करून देतो.

हा खरा रोबो नव्हे, असेही एक मत ऐकले. ब्रिस्टल येथे 1948-49 मध्ये ग्रे वॉल्टर या मेंदूशास्त्रज्ञाने प्रकाशाकडे चालत जाणारी दोन यांत्रिक कासवे केली होती. त्यांच्या मेंदूच्या जागी प्रत्येकी केवळ दोन व्हॉल्व्ह होते. रोबोंच्या इतिहासात त्या कासवांचे नाव आजही आदराने घेतले जाते. मग आमच्या प्लायवूडच्या गाडीला कमी का लेखावे?

हेही स्पष्ट केले पाहिजे की, एक रोबो केल्याने कुणी अभियंता होत नाही. त्यातून मिळते ते एवढेच: बंद पडलेल्या वस्तूपुढे उभे राहून 'हे मला उघडता येईल' असे वाटणे. पुढे ते मूल परिचारिका होवो, शेतकरी होवो, वकील होवो, ती वृत्ती त्याला उपयोगी पडेल.

तेव्हा आमच्या सूचना अशा आहेत. इयत्ता आठवी व नववीच्या चाळीस मुलांसाठी, चौघांत एक याप्रमाणे दहा रोबोंचे साहित्य घ्यावे; त्यास बत्तीस हजार रुपये लागतील. त्याखेरीज दरवर्षी दहा हजार रुपयांचा 'मोडतोड निधी' माजी विद्यार्थ्यांनी द्यावा. तो वर्षाअखेर शिल्लक राहिला, तर मुलांनी पुरेसे धाडस केले नाही असे समजावे. पाच पेट्या मुलींच्या वसतिगृहात राहाव्यात, कारण आजवर पेटी मुलांकडे असल्याने संध्याकाळनंतर मुलींना ती मिळत नसे. हा दोषही आमचाच. प्रत्येक पेटीत एक 'चुकांची वही' असावी. काय बिघडले, काय वाटले होते, खरे कारण काय निघाले, हे मुलांनी तीत लिहावे आणि पुढच्या वर्गाने ती वाचून कामाला लागावे. आणि जे माजी विद्यार्थी वर्गणी देतील, त्यांनी वर्षातून निदान दोन रविवारही द्यावेत. संगणक येत नसेल तरी चालेल. वायरमन, सुतार, शिवणकाम करणाऱ्या ताई, गॅरेजवाले, सर्वांच्या हातांना इथे काम आहे. प्रयोगशाळेच्या दारावर दात्यांची नावे कोरण्याऐवजी या वह्यांत त्यांची नावे मुलांच्या अक्षरात यावीत, यात आम्हांला अधिक धन्यता वाटेल.

तो बोर्ड जळालेला मुलगा तिसऱ्या रविवारी आला. आम्ही कागद काढून टाकला होता आणि कुलूप परत दिले होते. जळालेला बोर्ड आम्ही त्याच्याच हातात दिला. त्याने भिंग घेऊन तो तपासला, वहीत पहिली नोंद लिहिली आणि सर्वांना समजावून सांगितले. आता प्रत्येक रोबोवरील पाच व्होल्टच्या पिनेला प्लास्टिकची लाल नळी चढविलेली आहे. ती कल्पना त्याची. त्यानंतर एकही बोर्ड त्या कारणाने जळलेला नाही. इतर कारणांनी एक जळला, आणि त्याचीही नोंद वहीत आहे.

ज्यांना हे पाहायचे असेल, त्यांनी कोणत्याही रविवारी सकाळी दहाला सभागृहात यावे. मुले सर्व दाखवितील. येताना घरी पडून असलेली पॉवर बँक आणायला विसरू नये.

जय भीम!